पुतळा चौकाच्या मधोमधच पाहिजे का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की चौकातल्या स्मारकांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. बरेच जण कुठल्या ना कुठल्या स्मारक समितीवर आहेत, कुणी नगरसेवकाचे मेहुणे आहेत, त्यामुळे नावं आणि गावं छापत नाहीये, जिल्हा तेवढा ठेवलाय. मी आर्किटेक्ट आहे, मूर्तिकार नाही, तेव्हा नाक बरोबर आलंय का चेहरा जुळतोय का हे मला विचारू नका, त्याला दुसरी माणसं आहेत.

सातारा जिल्ह्यातून: ताई नमस्कार. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या भागातले जे गेले त्यांचं स्मारक मेन चौकात करायचं ठरलंय, नगरपरिषदेत ठरावही झाला. समितीतल्या सगळ्यांचं म्हणणं आहे की चौकाच्या बरोब्बर मध्ये गोल बांधून त्यावर १५ फुटी चौथरा आणि त्यावर १२ फुटी पुतळा. मी एकटाच म्हणतोय जरा बाजूला घेऊया, तर मला म्हणतात "हुतात्म्यांना काय कोपऱ्यात ठेवायचं का?" यावर काय बोलू?

दादा, बोलू नका, विचारा. समितीला एकच विचारायचं की स्मृतिदिनाला फुलं घेऊन आलेला माणूस उभा कुठे राहणार? मधोमधच्या पुतळ्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्या दिवशी पोलीस अर्धा तास ट्रॅफिक थांबवतात, शिडी लावून नाहीतर क्रेन आणून हार घालतात, फोटो होतो आणि संपलं. बाकीचं वर्षभर तिथं कुणी पोचतच नाही कारण चारही बाजूंनी गाड्या, मध्ये रेलिंग, रेलिंगला कुलूप. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांची नात कॉलेजला जाताना रोज त्याच्या शेजारून स्कूटीवर जाते पण पणजोबांचं नाव तिनं जवळून कधी वाचलेलं नसतं, कारण वाचायला गेली तर एसटीखाली येईल. हा मान आहे का, तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ही समितीला लेखी दाखवा. १८ जानेवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिलाय की रस्ते, फुटपाथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर नवीन पुतळा किंवा बांधकाम करायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. दिव्याचे खांब, सिग्नल वगैरे गोष्टींना त्यातून सूट आहे, पुतळ्याला नाही. चौकाचा मधला गोल हा रस्ताच असतो. जुने पुतळे आहेत ते आहेत, पण नवीन करायला गेलात की कुणीतरी कोर्टात जाणार आणि काम चौथऱ्यावर अडकणार. (तरी एवढे नवीन पुतळे उभे कसे राहतात हे मला विचारू नका, मलाही कळत नाही.) चौकाला लागून नगरपरिषदेची स्वतःची जागा असेल, जुनी चावडी, बंद पडलेला दवाखाना, शाळेच्या कंपाउंडचा कोपरा, तर तिथं परवानगीचा रस्ता सरळ आहे. पुतळा करणारच असाल तर राज्य सरकारचा २०१७ चा शासन निर्णय आहे, त्यातल्या अटी आधी वाचा, क्ले मॉडेलला, म्हणजे आधी मातीत केलेल्या नमुन्याला, कला संचालनालयाची मान्यता लागते. क्ले मॉडेल एक आणि उभं राहिलं भलतंच असं झालं तर पुढे समितीच गोत्यात येते.

तिसरं म्हणजे दिसणं. गोलाभोवती वळणाऱ्या ड्रायव्हरला समोरची गाडी दिसायला पाहिजे, आणि तुमचा तो १५ फुटी भरीव चौथरा नेमका नजरेच्या उंचीला आडवा येतो. आणि एवढ्या वर चढवलेला पुतळा जवळून कसा दिसतो? हनुवटी, नाकपुड्या आणि बुटांचे तळवे. चेहरा फक्त लांबून दिसतो, आणि लांब म्हणजे जिथं उभं राहता येत नाही तिथून.

आता "कोपऱ्यात" या शब्दाबद्दल. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे बसवले, भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन, आणि तेव्हा बाबासाहेब हयात होते. अर्धपुतळेच आहेत, २५ फुटी वगैरे काही नाही. पण कोल्हापुरात कुणालाही विचारा की या पुतळ्यांचं महत्त्व कमी आहे का. उलटं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात मिळेल. १९८० नंतर मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली, दोनशेच्या आसपास, साधारण एकाच साच्याची, हॉल आणि पुढे स्तंभ. कल्पना चांगली होती. पण त्यातली कितीतरी लोकांच्या रोजच्या वाटेवर नव्हती आणि तिथं जायला काही कारणही नव्हतं, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी कुलूप आणि गवत दिसतं. म्हणजे मधोमध ठेवलं तरी पोचता येत नाही आणि गावाबाहेर ठेवलं तरी कुणी जात नाही, जागा अशी पाहिजे की माणूस भाजी घेऊन जाताना सहज थांबला पाहिजे.

एक करून बघा. रविवारी पहाटे चौकात चुन्यानं दोन्ही जागा आखा, मधली आणि तुमची बाजूची. दोन्हीकडे बांबू उभे करून ठरलेल्या उंचीला कापड बांधा, चारही रस्त्यांवरून मोबाईलवर फोटो काढा, आणि समितीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दोन्ही जागी चालत जायला सांगा. माझा अनुभव असा की मीटिंगमध्ये तीन महिने चाललेला वाद त्या सकाळी बऱ्यापैकी निवळतो. नाही निवळला तर मग प्रश्न जागेचा नव्हताच, उद्घाटनाच्या पाटीवर कुणाचं नाव येणार याचा होता.

नागपूरहून, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी: मॅम, आम्हाला सेमिस्टरला शहरातल्या चौकासाठी मेमोरियल डिझाइन करायला दिलंय. मी पुतळा न करता फक्त भिंती आणि दगड असं केलंय. सरांना आवडलं पण घरी दाखवलं तर आजोबा म्हणाले, "हे काय, काम अर्धवट राहिलंय का?" लोकांना अॅबस्ट्रॅक्ट कळतं का खरंच?

आजोबांवर चिडू नकोस, ते लोकांच्या वतीनं विचारतायत. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची गोष्ट तुला कॉलेजात सांगितली असेलच, तरी त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते सांगते. १९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली, १,४२१ एंट्र्या आल्या, कुणाचंही नाव परीक्षकांना दिसत नव्हतं, फक्त नंबर. जिंकली माया लिन, वय २१, येल विद्यापीठात शिकणारी, म्हणजे तुझ्याच वयाची. जमिनीत उतरत गेलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आणि त्यावर गेलेल्या सैनिकांची नावं, बाकी काही नाही. (तो काळा दगड बेंगळुरूकडचा आहे बरं का, आपल्या शेजारच्या राज्यातून तिकडे गेलेला.) तेव्हा तुझ्या आजोबांसारखेच, पण बरेच जास्त चिडलेले लोक होते तिथं, त्यात स्वतः लढून आलेले सैनिकही होते, त्यांचं म्हणणं आम्हाला झेंडा पाहिजे, माणूस पाहिजे, ही कसली काळी भेग. मग तोड म्हणून १९८४ मध्ये फ्रेडरिक हार्ट यांनी केलेला तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा थोड्या अंतरावर बसवला.

पण लोक आज तिथं जाऊन काय करतात ते बघ. भिंतीशी जातात, आपल्या माणसाचं नाव शोधतात, त्यावर बोट फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीनं त्याचा ठसा घेतात. दगड इतका पॉलिश केलाय की नाव वाचताना नावाच्या मागे स्वतःचा चेहरा दिसतो. अॅबस्ट्रॅक्ट लोकांना कळलं म्हणून ते चाललं असं मला वाटत नाही, तिथं हाताला काहीतरी करायला मिळालं म्हणून चाललं. तुझ्या भिंतींशी माणूस काय करणार आहे? नुसतं "चिंतन करेल" असं शीटवर लिहिलं असशील तर आजोबांचं बरोबर आहे.

आणि नागपुरात आहेस तर अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरं किती होती. त्यांचं स्मारक सीताबर्डीकडेच आहे, झिरो माइलच्या भागात. दरवर्षी त्या तारखेला गावागावातून लोक येतात. तू त्या दिवशी जा, सकाळपासून बस, आणि नुसतं बघत राहा. लोक कुठून येतात, चपला कुठे काढतात, म्हातारी माणसं कुठे टेकतात, फुलं कुठे ठेवतात, पाणी कुठे पितात, लेकरांना सावली कुठे मिळते. मग परत ये आणि प्लॅन काढ. मला खात्री आहे तुझ्या भिंती एक तर सरकतील नाहीतर बुटक्या होतील.

बाहेर पडल्यावर कळेल पण आत्ताच सांगते, आपल्याकडे अशी नाव झाकून होणारी स्पर्धा क्वचित होते, बहुतेक कामं टेंडरनं जातात आणि टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त तो जिंकतो. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, २०१९ मध्ये खुलं झालेलं, ते मात्र स्पर्धेतूनच निवडलं होतं. तेव्हा होऊच शकत नाही असं नाही.

सोलापूर जिल्ह्यातून: आमच्याकडे स्मारकावर नावं कुठल्या क्रमानं लावायची यावरून दोन घराण्यांत वाद आहे. एकांचे आजोबा पुढारी होते म्हणून त्यांना पहिलं नाव पाहिजे. दुसरे म्हणतात आमचे आधी गेले. मार्ग सुचवा.

हा प्रश्न डिझाइनचाच आहे, राजकारणाचा म्हणून सोडून देऊ नका. आणि तुमच्याच शहरात बघा ना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना एकाच दिवशी, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, आणि सोलापुरात चौघांचे पुतळे एकत्रच उभे आहेत. चार हुतात्मे म्हटलं की चौघं, त्यात पहिला कोण हे कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे तारखा वेगवेगळ्या असतील तर तारखेप्रमाणे लावा, त्यात भांडायला जागा कमी उरते. व्हिएतनामच्या भिंतीवर तसंच आहे, आणि त्यात एक सुंदर खुबी आहे. नावं भिंतीच्या मधल्या कोनापासून सुरू होतात, एका टोकाकडे जातात, मग दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरू होऊन मधल्या कोनाशी येऊन संपतात, म्हणजे पहिला गेलेला आणि शेवटचा गेलेला शेजारी येतात. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकात २,९८३ नावं आहेत, तिथं वेगळाच मार्ग काढला, एकत्र काम करणारे, एका विमानातले, मित्र, नातेवाईक यांची नावं जवळजवळ ठेवली, घरच्यांकडून तशा सुमारे १,२०० विनंत्या आल्या होत्या. वरवर बघितलं तर नावं कशीही लावल्यासारखी वाटतात पण ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळतं. तुमच्याकडे एकत्र मोर्चात असलेले, एका गल्लीतले असे लोक असतील तर हे करता येईल. न्यूयॉर्कला ब्राँझमध्ये नावं आरपार कापलीत, त्यामुळे वाढदिवसाला नावाच्या अक्षरात गुलाब खोचतात. आपल्याकडे लोक झेंडूचं फूल आणतातच, त्याला ठेवायला खाच असली तर काय बिघडलं.

बाराखडीप्रमाणे लावायची तर पहिल्या नावानं लावा, आडनावानं नको. आडनावानं लावली की भावकी भावकीचे गठ्ठे होतात आणि वाचणारा लगेच जात शोधतो. श्री., कै., हुतात्मा, पैलवान असलं काही नावामागे नको, एकाला लावलं की सगळ्यांना लावावं लागतं आणि मग दगड नावापेक्षा उपाध्यांनीच भरतो.

आकडा तर दगडावर कोरूच नका हो, "अमुक वीरांच्या स्मरणार्थ" वगैरे. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं बघा, १०५, १०६, १०७ असे तिन्ही आकडे ऐकू येतात, माहिती पुढे येत राहते आणि यादी वाढते. तुमच्याकडेही दोन वर्षांनी कुणीतरी कागद घेऊन येईल की आमचे काका राहिलेत. तेव्हा जागा ठेवा. दिल्लीच्या युद्ध स्मारकात प्रत्येक जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी वीट आहे, ती पद्धत मला फार आवडते, चूक झाली तर एक वीट बदला, आख्खी भिंत नको.

आणि अक्षर. कॉन्ट्रॅक्टर कॉम्प्युटरवर फाँट निवडतो आणि सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं कोरायला, पाठवतो, तिथं घोळ होतो. देवनागरीला वर वेलांटी मात्रा खाली उकार, त्यामुळे मधलं मूळ अक्षर अगदी बारीक उरतं, आणि ज्ञ, द्ध, ष्ट्र असल्या जोडाक्षरांतल्या बारीक फटी दगडात भरून जातात. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान २० मिलिमीटर तरी ठेवा, जाड-बारीकपणा कमी असलेला फाँट घ्या. अक्षरात सोनेरी रंग भरू नका, चार-पाच पावसाळ्यांत निघतो आणि अर्धी निघालेली नावं फार केविलवाणी दिसतात. पॉलिश दगडावर खरखरीत अक्षर तसंच वाचता येतं. कोरायच्या आधी खऱ्या मापाचा प्रिंट काढून प्रत्येक घरी न्या, दत्तात्रय की दत्तात्रेय, पांडुरंगचा डु बरोबर आहे का, वाचून दाखवा आणि सही घ्या. दोन्ही घराण्यांना एकाच दिवशी न्या म्हणजे पुढचं भांडणही तिथंच होऊन जाईल.

सिंधुदुर्गातून: मालवणला जे झालं त्यानंतर आमच्याकडे सगळे घाबरलेत. ब्राँझ, फायबर, स्टील, दगड, नक्की काय टिकतं? समुद्र दोन किलोमीटरवर आहे.

घाबरायलाच पाहिजे, म्हणजे काम नीट होईल. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, पुरते नऊ महिनेसुद्धा नाही. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंगमधल्या चुका पुढे आल्या. लोक म्हणतात वाऱ्यानं पडला, पण कोकणात वारा येणारच, तो काय पाहुणा आहे का.

समजून घ्या की मोठा पुतळा भरीव नसतो, बाहेर ब्राँझचं काही मिलिमीटरचं कवच आणि आत लोखंडाचा सांगाडा, सगळं वजन आणि वाऱ्याचा जोर तो सांगाडा पेलतो. जो दिसतो तो मूर्तिकाराचा आणि जो उभा ठेवतो तो इंजिनिअरचा, आणि आपल्याकडे पैसे, सत्कार, चर्चा सगळं बाहेरच्या कवचाभोवती. तांब्याचा मिश्रधातू आणि साधं लोखंड एकमेकांना चिकटलं आणि त्यात खारी ओल आली की लोखंड नेहमीपेक्षा भराभर गंजतं, हा धातूंचा स्वभाव आहे. म्हणून समुद्राजवळ सांगाडा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, दोन धातूंच्या मध्ये इन्सुलेशनचे पॅड, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला खाली भोकं, आणि आत जाऊन तपासता येईल असं एक झाकण. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मूर्तिकाराच्या कागदावर नको, वेगळ्या ड्रॉइंगवर पाहिजे आणि त्याची फी वेगळी.

ब्राँझ चांगलं ओतलं तर टिकतंच. नेहमीचं मिश्रण म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. अलिबागजवळच्या सासवण्याचे मूर्तिकार करमरकर यांनी केलेला पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा आहे, शंभरीला आला, बघून या. करमरकरांच्या घरचं संग्रहालयही सासवण्याला आहे, तेही बघा, नुसता मोठा पुतळा आणि जिवंत पुतळा यातला फरक तिथं कळतो. फायबर स्वस्त असतो आणि पहिल्या वर्षी ब्राँझसारखाच दिसतो, नंतर उन्हानं त्याची पावडर सुटायला लागते. तात्पुरत्या देखाव्याला ठीक आहे.

बजेट कमी असेल तर मी तर म्हणेन पुतळाच नको, काळा पाषाण घ्या. आपल्या पायाखाली तोच आहे, देवळं त्याचीच आहेत, पाथरवट अजून मिळतात. फक्त नंतर त्याला रंग देऊ नका! १५ ऑगस्ट आला की डिस्टेंपरचा डबा घेऊन धावणारे लोक प्रत्येक नगरपरिषदेत असतात.

ठाण्याहून: आमच्या स्मारकाला म्युझिकल फाउंटन आणि रंगीत एलईडी लावायचं ठरतंय, तरुणांना आकर्षित करायला. तुमचं मत?

नको. जालियनवाला बागेत २०२१ मध्ये नूतनीकरण झालं, ज्या अरुंद बोळातून डायरचे सैनिक आत शिरले त्याच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची शिल्पं लावली, रंगीत लाइट शो आणला, आणि देशभरातून लोक चिडले ते उगाच नाही. तो बोळ अंगावर येत होता म्हणूनच तो बोळ होता. तुमच्या स्मारकात पिवळसर उजेड नावांवर पडू दे एवढं बस आहे. फाउंटनचा पंप दुसऱ्या वर्षी बंद पडेल आणि मग त्यात डास होतील, ते वेगळंच.

मुंबईहून: आमच्या भागातल्या चौकात ब्रिटिशांच्या वेळचं एक दगडी काम आहे. ते काढून तिथं आपल्या माणसाचं स्मारक करावं अशी मागणी आहे. मलाही ते पटतं पण ते दगडी काम सुंदरसुद्धा आहे. काय करावं?

फोर्टात दोन्ही प्रकार जवळजवळच बघायला मिळतात. काळा घोडा म्हणजे मुळात इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा घोड्यावरचा पुतळा, तो प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे युवराज, असतानाचा, १९६५ मध्ये हलवला आणि राणीच्या बागेत नेला. राजा गेला, पण लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, आणि २०१७ मध्ये तिथं परत काळा घोडा बसवला, या वेळी स्वारच नाही! मला हा मुंबईचा सगळ्यात मस्त पुतळा वाटतो, राजाशिवायचा घोडा.

दुसरा प्रकार फ्लोरा फाउंटन. १८६४ चा कारंजा, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचा, तो खरं तर राणीच्या बागेसाठी केलेला होता पण बसला फोर्टात. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर त्या परिसरात गोळीबार झाला. पुढे चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं आणि शेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक उभं राहिलं. कारंजा पाडला नाही. उलट त्याच्यावर वर्षानुवर्षं फासलेले ऑइलपेंटचे थर काढून २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू केला. १ मे ला मुख्यमंत्री मशालीसमोर वाकतात आणि शेजारी कारंज्यावर रोमन देवी फ्लोरा उभी, कुणाला काही त्रास नाही. गोळी चालली तेव्हा तो कारंजा तिथंच होता, म्हणजे तो साक्षीदार आहे, साक्षीदाराला कशाला हाकलायचं?

तुमच्या दगडी कामाला हात लावायच्या आधी ते हेरिटेज यादीत आहे का बघा, असेल तर हेरिटेज समितीशिवाय पानही हलणार नाही. आणि त्याच्या डोक्यावर चढवू नका, शेजारी जागा काढा.

पुण्याहून: एवढे पैसे दगडावर घालण्यापेक्षा त्या नावानं अभ्यासिका किंवा दवाखाना का बांधू नये? पुतळ्यांनी कुणाचं पोट भरलंय?

पुण्याहून हे पत्र येणार हे मी धरूनच चालले होते. मुद्दा चांगलाच आहे. पण बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून आहे आणि "बालगंधर्वला भेटू" म्हणताना नारायणराव राजहंस, म्हणजे खुद्द बालगंधर्व, किती जणांच्या मनात येतात? नटाच्या बाबतीत ते चालेलही, नाटक चालू आहे म्हणजे त्यांना पोचलं. गोळीनं किंवा चेंगरून मेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र काय झालं, कधी झालं, कोण गेलं हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी दवाखान्याच्या पाटीवर नुसतं नाव उरतं आणि केस पेपर काढणाऱ्याला वाटतं कुणी देणगीदार असतील. दोन्ही करा ना, अभ्यासिका बांधा आणि तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर नावं आणि तारीख. वेगळा चौथरा बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल.

नाशिक जिल्ह्यातून: आमच्या स्मारकाच्या कट्ट्यावर पोरं बसतात, शेंगदाणेवाला बसतो, वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. रेलिंग करून गेट लावावं का? विटंबना होते अशी तक्रार आहे.

फ्लेक्स काढा, रोज काढा, त्याला माफी नाही. स्मारकाच्या अंगावर खिळा, हूक, पाइप असं काहीही ठेवू नका ज्याला दोरी बांधता येते, फ्लेक्सवाल्याला गाठ मारायला जागा मिळाली नाही की तो पुढच्या खांबाकडे जातो. भिंत थोडी वक्र असेल तर अजून बरं, वाकड्यावर फ्लेक्स ताणला जात नाही.

पोरं आणि शेंगदाणेवाला राहू देत. बसायचा कट्टा आणि मानाचा भाग यांची पातळी वेगळी करा, दोन पायऱ्यांचा फरक पुरतो, बसायचा कट्टा स्मारकाकडे तोंड करून ठेवा, पाठ करून नको. सावलीला एक झाड लावा, कडुनिंब किंवा बकुळ, वड-पिंपळ नको कारण मुळं फरशी उचलतात आणि खाली शेंदूर लावून नवीन देव तयार होतो. शेंगदाणेवाला संध्याकाळभर तिथं आहे म्हणजे कुणी दगडावर नाव कोरायला लागलं तर बघणारं कुणीतरी आहे. त्याच्याशी बोलून ठेवा, कागद उचलायची जबाबदारी त्याच्यावर द्या.

रेलिंग केलंत तर एक प्रश्न येईल, किल्ली कुणाकडे. नगरपरिषदेकडे म्हणजे साडेपाचनंतर आणि रविवारी बंद. ते ठरवूनच काय ते करा, आणि झाडझूड, दिव्याचं बिल, तुटलेली फरशी याची तरतूद दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत टाकून घ्या, आत्ताच, कारण उद्घाटन झाल्यावर ती ओळ टाकायला कुणी तयार होत नाही.